‘न करता’ आणि ‘न कळून’ : जपानी भाषेतील नकारार्थी वाक्यसंयोजन, मराठी व्याकरणपरंपरा आणि खान्देशातील अध्यापन — एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

परकी भाषा शिकताना विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो शब्दसंग्रहापाशी नव्हे, तर दोन वाक्ये एकत्र गुंफण्याच्या जागी, हा भाषाशिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. जपानी भाषेच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात अशी एक जागा म्हणजे नकारार्थी क्रियापदाने दोन उपवाक्ये जोडण्याची रीत होय. ‘ताबेरु’ म्हणजे जेवणे, खाणे. ‘ताबेनाइ’ म्हणजे जेवत नाही. हे नकारार्थी रूप पुढील वाक्याला जोडावयाचे झाल्यास ‘ताबेनाइदे’, ‘ताबेनाकुते’ आणि ‘ताबेझुनि’ अशी तीन रूपे विद्यार्थ्यासमोर येतात. होकारार्थी क्रियापदाला ‘ताबेते’ हे एकच रूप पुरते. नकार येताच वाट फुटते. ती का फुटते, याचे उत्तर विद्यार्थ्याला सहसा इंग्रजीच्या माध्यमातून दिले जाते आणि तेथेच ते अवघड होऊन बसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही वाट मराठीतही जवळजवळ त्याच ठिकाणी फुटते. आपल्या व्याकरणाच्या अभ्यासाला ज्या चौकटी इतिहासक्रमात मिळाल्या त्यांच्यामुळे हे साम्य अध्यापनात उपयोगात आले नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मराठी माध्यमातून आलेल्या, घरी अहिराणी वा लेवा गणबोली बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. ‘इंग्रजी कच्चे, म्हणून परकी भाषा झेपणार नाही’ हा जो समज त्याच्याविषयी, आणि कालांतराने त्याच्या स्वतःच्या मनातही, रुजतो त्याचा हा प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. जपानी व मराठी या दोन्ही भाषांच्या व्याकरणलेखनाला लाभलेल्या परक्या चौकटींचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२. नकारार्थी वाक्यसंयोजनाच्या जपानी रूपांची मराठी रूपांशी तुलना करणे व तिच्या मर्यादा दाखविणे.
३. खान्देशातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या तुलनेचे महत्त्व स्पष्ट करणे.

गोवा आणि नागासाकी : एकाच साच्यातील दोन व्याकरणे

जपानी आणि पश्चिम भारतातील भाषा यांचा संबंध आधुनिक काळातील वाटतो, परंतु त्याचा आरंभ सोळाव्या शतकात गोव्यात झाला. कागोशिमाचा अंजिरो हा जपानी गृहस्थ मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात त्याने शिक्षण घेतले. त्याच्याकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे झेवियर १५४९ मध्ये कागोशिमास पोहोचला. पुढे युरोपला गेलेले जपानी तरुणांचे शिष्टमंडळ परतीच्या वाटेवर गोव्यात थांबले असता त्यांपैकी हारा मार्तिनो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. या शिष्टमंडळाबरोबर मुद्रणयंत्र १५९० मध्ये जपानला गेले.

या यंत्राच्या पाठोपाठ जपानी भाषेचे पहिले मोठे व्याकरण सिद्ध झाले. जुआंव रोद्रिगीश या जेझुइट धर्मोपदेशकाने ते पोर्तुगीजमध्ये लिहिले व १६०४ ते १६०८ या काळात नागासाकी येथे ते छापले गेले. इकडे गोव्यात ‘क्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण रचले. स्टीफन्स यांचा मृत्यू १६१९ मध्ये झाला आणि त्यांचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे प्रसिद्ध झाले. एकाच धर्मसंघाच्या माणसांनी, काही दशकांच्या अंतराने, दोन दूरच्या भाषांना लॅटिनचा एकच साचा लावला. विभक्ती, काळ, अर्थ, कृदन्त यांचे खण लॅटिनमध्ये जसे होते, तसेच ते जपानी व कोकणी यांच्यासाठी मांडले गेले. या विद्वानांचे परिश्रम थोर आहेत यात शंका नाही. मात्र या दोन भाषांनी एकमेकींकडे थेट पाहण्याचा प्रसंग त्या साच्यात येणे शक्य नव्हते. दोघींची मोजणी तिसऱ्याच गजाने होत होती.

एकोणिसावे शतक आणि धुळ्याची परंपरा

एकोणिसाव्या शतकात गज बदलला, पद्धत तीच राहिली. विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे प्रसिद्ध झाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. मराठी माणसाने मराठीतून लिहिलेले ते युगप्रवर्तक पुस्तक होते, तथापि त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात संस्कृत व इंग्रजी या दोन्ही परंपरांची साधकबाधक चर्चा करून मराठीला तिच्या स्वतःच्या प्रयोगांवरून पाहण्याचा मोठा प्रयत्न केला.

याच काळात जपानमध्येही अशीच धडपड चालली होती. मेइजी राज्यक्रांतीनंतर (१८६८) पाश्चात्त्य व्याकरणाचे खण आणि देशी परंपरा यांचा मेळ घालणारे ओत्सुकी फुमिहिको यांचे व्याकरण १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तर्खडकरांपासून दामल्यांपर्यंतचा आपला प्रवास आणि जपानचा हा प्रवास यांतील प्रश्न सारखाच होता : आपल्या भाषेचे नियम आपल्या भाषेतून कसे काढावेत?

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यांनी सर्वाधिक आग्रहाने विचारला त्यांची स्मृती खान्देशाशी निगडित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाले व त्यानंतर १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिताना राजवाड्यांनी मराठी रूपांचा उगम संस्कृत-प्राकृताच्या क्रमाने शोधला. त्यांची काही व्युत्पत्ती आज मान्य होत नाही. परंतु भाषेचे रूप तिच्या इतिहासातून समजून घ्यावे, ही त्यांची दृष्टी प्रस्तुत विषयातही मार्गदर्शक ठरते.

खान्देशातील बोलींची नोंद मात्र वेगळ्या दिशेने झाली. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खान्देशी मराठीच्या खंडात आली नाही; नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ल भाषांबरोबर तिचा समावेश झाला. मराठीत जेथे ‘करून’, ‘जाऊन’ म्हणतात तेथे अहिराणीत ‘करीसन’, ‘जाईसन’ असे म्हणतात. म्हणजे प्रत्यय वेगळा, पण एक क्रिया आटोपून दुसरीकडे वळण्याची वाक्यरचना तीच.

संपर्क होता, भाषा आली नाही

खान्देश हा कापसाचा मुलूख. जपानी जहाजकंपनीने १८९३ मध्ये मुंबई व जपान यांच्या दरम्यान नियमित वाहतूक सुरू केली आणि पुढील काळात जपान हा हिंदी कापसाचा फार मोठा ग्राहक बनला. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा जळगाव आणि धुळे या दोन्ही मुख्य ठाण्यांभोवती कापसाचा व्यापार भरभराटीस आलेला होता. परंतु गाठी गेल्या तरी भाषा आली नाही. व्यवहार दलाल, पेढ्या आणि इंग्रजी कागदपत्रे यांच्याद्वारे होत असे; शेतकऱ्याला किंवा जिनिंगमधील कामगाराला जपानी भाषेशी कर्तव्य नव्हते.

आज ही स्थिती पालटली आहे. जपानी भाषा प्राविण्य परीक्षा १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१० पासून तिचे पाच स्तर झाले. पुणे हे महाराष्ट्रातील जपानी अध्ययनाचे प्रमुख केंद्र बनले. २०१७ मध्ये तांत्रिक प्रशिक्षणार्थींविषयी आणि २०२१ मध्ये निर्दिष्ट कौशल्यधारक कामगारांविषयी भारत व जपान यांच्यात सहकार्य करार झाले. या दुसऱ्या योजनेत जाणाऱ्याला सर्वसाधारणपणे चौथ्या स्तराइतके, म्हणजे प्रारंभिक पातळीचे, जपानी यावे लागते. शुश्रूषा, कारखाना, शेती अशा क्षेत्रांसाठी जपानी शिकणारा हा विद्यार्थी परकीय भाषा विभागातील पदवीधर असेलच असे नाही. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा तालुक्याच्या महाविद्यालयातून येतो. नकारार्थी वाक्यसंयोजन नेमके याच प्रारंभिक पातळीवर शिकवले जाते. त्यामुळे ते कोणत्या भाषेतून समजावले जाते याला आता व्यावहारिक महत्त्व आले आहे.

रूपांची तुलना

प्रथम ‘नाइदे’ या रूपाचा विचार करू. ‘आसागोहान ओ ताबेनाइदे देकाकेमाशिता’ या वाक्याचा अर्थ ‘न्याहारी न करता बाहेर पडलो’ असा होतो. ‘बासु नि नोरानाइदे आरुकिमासु’ म्हणजे ‘बसमध्ये न बसता चालत जातो’. पहिल्या वाक्यात मुख्य क्रिया कोणत्या अवस्थेत घडली ते सांगितले आहे, दुसऱ्यात एका क्रियेऐवजी दुसरी निवडली आहे. दोन्ही ठिकाणी मराठी सहजपणे ‘न’ आणि ‘-ता’ हे रूप वापरते.

आता ‘नाकुते’ पाहू. ‘इमि गा वाकारानाकुते कोमारिमाशिता’ म्हणजे ‘अर्थ न कळून पंचाईत झाली’. येथे पहिला भाग दुसऱ्याचे कारण आहे. मराठीत येथे ‘न कळता’ चालत नाही. ‘न कळता पंचाईत झाली’ हे वाक्य कानाला खटकते. ‘न कळून’, ‘न सुचून’, ‘न राहवून’ ही रूपे मराठीत रुळलेली आहेत. ‘काय करावे ते न सुचून तो गप्प बसला’, ‘न राहवून ती बोलली’ ही वाक्ये खेड्यातील आजीही बोलते. त्यांतील नकार हा कर्त्याने केलेली निवड नसून त्याच्यावर ओढवलेली स्थिती आहे.

वरच्या वाक्यात ‘नसून’ हा शब्द अभावितपणे आला. तोही येथे महत्त्वाचा आहे. ‘सेन्सेइ जा नाकुते, गाकुसेइ देसु’ याचे भाषांतर ‘शिक्षक नसून विद्यार्थी आहे’ असे शब्दास शब्द होते. ‘नसणे’ या नकारार्थी क्रियापदाला ‘-ऊन’ प्रत्यय लावून मराठी जे साधते तेच जपानी ‘नाकुते’ने साधते.

तिसरे उदाहरण अधिक लक्षणीय आहे. जपानीत कर्तव्य सांगताना ‘इकानाकुते वा इकेनाइ’ असे म्हणतात. रूढ अर्थ ‘जायलाच हवे’ असा असला तरी ‘इकेनाइ’ची मूळ घडण ‘जाता येत नाही, पुढे सरता येत नाही’ अशी आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘न जाऊन चालणार नाही’. परवानगीसाठी जपानी ‘इकानाकुतेमो ई’ म्हणते, मराठी म्हणते ‘न गेले तरी चालेल’. गरज आणि मुभा यांसाठी दुहेरी नकार वा नकारानंतरचा होकार वापरण्याची ही तऱ्हा इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठीतून ती समजावण्याचीही फारशी गरज उरत नाही.

या समांतर रचनेमागे एक तर्क आहे. मराठीचे ‘-ऊन’ हे रूप माहाराष्ट्री प्राकृतातील ‘-ऊण’ या प्रत्ययापासून आले आणि ते पूर्वी पूर्ण झालेली क्रिया दाखवते. जी क्रिया केलीच नाही ती ‘पूर्ण होऊन’ दुसरी सुरू झाली असे म्हणता येत नाही. म्हणून ‘जेवून गेला’ याचा नकार ‘न जेवून गेला’ असा होत नाही. त्या ठिकाणी मराठी चालू अवस्था दाखवणारे ‘-ता’ रूप घेते आणि ‘न जेवता गेला’ असे म्हणते. संस्कृतात ‘अभुक्त्वा’ असा थेट नकार शक्य होता. मराठीने येथे आपला स्वतंत्र मार्ग काढला. मात्र न कळणे, न सुचणे, नसणे या क्रिया नव्हेत, स्थिती आहेत. स्थिती आधीपासून असू शकते आणि तिच्यातून परिणाम निघू शकतो. म्हणून तेथे ‘-ऊन’ टिकून राहिले. जपानीतही ‘नाइ’ हा शब्द विशेषणासारखा चालतो आणि ‘नाकुते’ हे त्या विशेषणाचे जोडरूप आहे. विशेषण स्थिती सांगते. म्हणूनच कारण दाखवण्याचे काम प्रामुख्याने ‘नाकुते’कडे आणि कृतीची रीत दाखवण्याचे काम ‘नाइदे’कडे आले. दोन भाषांचे कूळ भिन्न, पण त्यांनी क्रिया आणि स्थिती यांत केलेला भेद एकच.

तिसरे रूप ‘झुनि’. ‘ताबेझुनि’ हे अर्थाने ‘ताबेनाइदे’च्या जवळचे, पण प्राचीन जपानीतील ‘झु’ या नकारापासून आलेले व लिखित भाषेत अधिक आढळणारे आहे. ‘सुरु’ या क्रियापदाचे रूप मात्र ‘सेझुनि’ असे होते. मराठीत ‘न जेवता’ आणि ‘भोजनाविना’ यांत जो बोलण्याचा व ग्रंथाचा फरक जाणवतो, त्यावरून विद्यार्थ्याला या रूपाच्या दर्जाची कल्पना देता येते.

तुलनेच्या मर्यादा

ही तुलना सर्वत्र लागू पडत नाही. मराठीतील कारणवाचक ‘न …ऊन’ हे मोजक्या क्रियापदांपुरते आहे. ‘बस न आल्यामुळे उशीर झाला’, ‘भेटता न आल्याने वाईट वाटले’ अशा ठिकाणी मराठी ‘-ल्यामुळे’, ‘-ल्याने’ वापरते, जपानीत मात्र ‘नाकुते’ चालते. ‘नाकुते’नंतर आज्ञा, विनंती किंवा संकल्प येत नाही, भावना किंवा परिणाम येतो, ‘-ल्यामुळे’वर असे बंधन नसल्याने मराठी भाषकाची येथे चूक होऊ शकते. ‘ताबेनाइदे कुदासाइ’ या विनंतीत ‘नाइदे’ येते, पण मराठीत तेथे ‘खाऊ नका’ अशी वेगळीच रचना होते. ‘अभ्यास केल्याशिवाय यश नाही’ या प्रकारच्या वाक्यात जपानी साधारणतः ‘शिनाकेरेबा’ असे शर्तीचे रूप घेते. शिवाय मराठीचा ‘न’ क्रियापदाच्या आधी येतो, तर जपानी नकार क्रियापदाच्या शेवटाला चिकटतो. हा बदल सरावानेच अंगवळणी पडतो. बोलण्यात जपानी भाषक कारणासाठीही कधी ‘नाइदे’ योजतात, हेही पुढील टप्प्यावर सांगावे लागते.

तरीही मूळ विभागणीचे महत्त्व कमी होत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिन्ना नो निहोन्गो’ या प्रचलित पाठ्यपुस्तकात विनंतीचे ‘नाइदे कुदासाइ’ सतराव्या पाठात, रीतिवाचक ‘नाइदे’ चौतिसाव्या पाठात आणि कारणवाचक ‘नाकुते’ एकोणचाळिसाव्या पाठात येते. ही रूपे एकमेकांपासून दूर पडतात आणि प्रत्येक रूपाची इंग्रजी टीप स्वतंत्रपणे पाठ करावी लागते. इंग्रजीत पहिल्या रूपासाठी शब्दयोगी शब्द, दुसऱ्यासाठी कारणवाचक अव्यय अशी परस्परांशी नाते नसलेली साधने असल्यामुळे जपानीतील नातेही दिसेनासे होते. मराठीतून पाहिल्यास ‘न करता’ आणि ‘न कळून’ या एका जोडीत ते नाते समोर येते.

भाषाशास्त्रात ही जाणीव नवीन नाही. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात क्रियापद शेवटी येणे, पूर्वकालवाचक रूपांनी वाक्ये गुंफणे इत्यादी वैशिष्ट्ये भारतीय भाषांप्रमाणेच मध्य आशियातून जपानपर्यंत पसरलेली असल्याचे दाखवून दिले. प्रशांत परदेशी यांच्यासारख्या जपानमध्ये कार्य करणाऱ्या मराठीभाषक अभ्यासकांनी मराठी व जपानी यांचा तौलनिक अभ्यास केला आहे. प्रश्न हे ज्ञान वर्गापर्यंत पोहोचण्याचा आहे.

खान्देशातील महाविद्यालयांचे कार्य

जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. लोकबोलीतील शहाणपण अक्षर करणाऱ्या स्त्रीचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात बोलींकडे अडथळा म्हणून पाहणे सयुक्तिक नाही. येथील विद्यार्थी घरची बोली, शाळेची मराठी आणि अभ्यासक्रमाचे इंग्रजी अशा पायऱ्या चढून जपानीपर्यंत येतो. तिसरी पायरी डळमळीत असल्यास चौथी गाठता येणार नाही, असे गृहीत धरले जाते. वरील विवेचनावरून असे दिसते की, वाक्यसंयोजनाच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्यांवरूनच चौथीवर हात पोहोचतो.

यासाठी मराठी विभागाने पुढाकार घेणे आवश्यक आहे. अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिल्ली व पावरी या बोलींत ‘-ऊन’च्या जागी काय येते, त्याचा नकार कसा होतो, ‘बिगर’सारखे शब्द कोणत्या अर्थी येतात आणि रीत व कारण यांत त्या बोली भेद करतात काय, याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून होऊ शकते. ती नोंद भाषेच्या अभ्यासाला उपयोगी पडेलच, शिवाय जपानी शिकवणाऱ्याच्या हाती एक सिद्ध साधन येईल.

निष्कर्ष

१. जपानी व कोकणी-मराठी यांच्या आरंभीच्या व्याकरणांना लॅटिनची, नंतर इंग्रजीची चौकट लाभल्याने या भाषांतील परस्परसाम्य अध्यापनाच्या कक्षेबाहेर राहिले.
२. जपानीतील ‘नाइदे’ व ‘नाकुते’ यांतील भेद मराठीतील ‘न …ता’ व ‘न …ऊन’ यांतील भेदाशी मूलतः जुळतो. दोन्ही ठिकाणी तो कृती व स्थिती यांवर आधारलेला आहे.
३. हे साम्य अपूर्ण आहे. कारणवाचक ‘-ल्यामुळे’, निषेधार्थी रचना आणि शर्तीची रूपे वेगळी शिकवावी लागतात.
४. खान्देशातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हे व्याकरण इंग्रजीला वळसा घालून थेट मराठीतून व बोलीतून शिकवणे शक्य आहे आणि इष्टही आहे.

कापसाच्या गाठी जपानला गेल्या तेव्हा खान्देशातील माणसाला त्या भाषेचे एक वाक्यही जोडावे लागले नव्हते. आज त्याच्या नातवंडांना ते जोडावे लागत आहे. त्यासाठी लागणारे व्याकरण त्यांच्या बोलण्यात आधीपासून आहे, हे त्यांना दाखवून देण्याची जबाबदारी अध्यापकांची आहे.